उताराशेजारची राखीव जागा

रांगायच्या वयात मला ताप आला आणि डावा पाय तिथंच राहिला. पुढं मी उभी राहिले ती पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर चढवून आणि काखेत कुबडी घेऊन. आई म्हणायची, "पोरीच्या पायातली ताकद समदी तोंडात गेली." खोटं नव्हतं ते. माणूस चिडला की तळपायाची आग मस्तकात गेली असं म्हणतात. माझा एक तळपाय जाड कातडी बुटात आवळलेला असायचा, पण आग बराबर वर पोचायची.

राग यायला कारणंही रोजचीच होती. कॉलेजला असताना मी एसटीनं कळमनुरीला जायची. गाडीत एका बाकावर 'अपंगांसाठी राखीव' असं लिहिलेलं असायचं आणि त्या बाकावर बसलेल्या माणसाला मी दारात दिसले की झोप लागायची. हलवून जागं केलं तर तो माझ्या पायाकडं बघून विचारायचा, "काय झालं पायाला?" म्हणजे आधी मी माझी सगळी हकिकत सांगायची, ती त्याला पटली तर तो उठणार. काही जण आपणहून उठायचे आणि मग उतरेपर्यंत आख्ख्या गाडीला ऐकवायचे की आपण कसे उठलो. त्यांच्यापेक्षा मला झोपणारे परवडायचे.

नव्वदच्या दशकात मला आखाडा बाळापूरला, म्हणजे गावातच, कारकुनाची नोकरी लागली. कचेरी कुठली ते सांगत नाही, कारण तिथली काही माणसं अजून आहेत आणि माझ्याशी बोलतात. इमारतीला समोरून पायऱ्या होत्या आणि बाजूनं व्हरांड्यावर चढणारा सिमेंटचा एक उतार. तो कुणी आमच्यासारख्यांसाठी केला नव्हता. लोखंडी कपाटं आत ढकलायला केला होता. उताराच्या बुडाशी शहाबादी फरशीचा एक छोटा चौकोन होता आणि बाकी सगळं आवार काळ्या मातीचं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगड असते आणि पावसाळ्यात काही विचारू नका. कुबडीचं रबरी बूड ती आत ओढून घेते. कुबडी उपसली की रबर चिखलातच राहतं आणि नुसती काठी वर येते. मग दुसऱ्या पायावर तोल सांभाळत उभं राहायचं आणि कुणीतरी येऊन रबर काढून देईल म्हणून वाट बघायची. येणारा हमखास विचारायचा, "घरचं कुणी संगं येत न्हाई का?"

हिंगोली जिल्हा झाला तेव्हा नवे साहेब दौऱ्यावर यायला लागले, वरून फर्मानं यायला लागली. त्यातल्याच एका फर्मानावरून आमच्या कचेरीत पेंटर आला आणि त्या फरशीजवळच्या भिंतीवर निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत लिहून गेला, 'अपंगांच्या वाहनांसाठी राखीव'. त्याच सुमारास मी कर्ज काढून स्कूटी घेतली होती आणि नांदेडहून तिला मागं दोन जादा चाकं बसवून आणली होती. माझ्यासाठी म्हणून जगात कुणी काही लिहिलेलं ते पहिलंच. पहिले काही दिवस मी स्कूटी लावायची आणि पाटी वाचूनच आत जायची.

पण पाटी मीच वाचत होते. बाकीच्यांना ती भिंतीवरची शोभा वाटायची. बाजाराच्या दिवशी तिथं बैलगाडी सोडलेली असायची. कचेरीची कंत्राटं घेणाऱ्या गुत्तेदाराची बुलेट उभी राहायची, कारण त्या जागेवर सावली होती. काहींचं म्हणणं असायचं, "दोन मिनिटात निघून राहिलो ना, मॅडम." मी एकदा एका दोन मिनिटवाल्याच्या मोटारसायकलीच्या दोन्ही चाकांची हवा सोडली आणि आत जाऊन काम करत बसले. तो पंप शोधत बाळापूरभर हिंडला. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही. साहेबांची जीप तिथं लागली तेव्हा हवा सोडायची सोय नव्हती, म्हणून मी गेटापासून चिखल तुडवत आले, सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि चिखलानं बरबटलेली कुबडी त्यांच्या टेबलाला टेकवून उभी राहिले. ओघळ त्यांच्या फायलींकडं निघाला तसा त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. तेव्हापासून साहेब माझ्याशी फार अदबीनं बोलायचे आणि फार कमी बोलायचे.

एका सकाळी आले तर माझ्या जागेवर एक गाडी उभी. मी गेटातूनच आवाज चढवला, "कुणाची हाय ती? वाचता येत न्हाई का?" जवळ जाऊन पाहते तर हातानं पायडल मारायची तीनचाकी सायकल. जगात एकच गाडी अशी होती की जिला मी तिथून हाकलू शकत नव्हते, आणि नेमकी तीच समोर होती. 

"माझी हाय मॅडम," व्हरांड्यातून आवाज आला. आवाज खालून आला, कारण माणूस फरशीवर बसलेला होता. दोन्ही पाय काडीसारखे दुमडलेले, हातांत चपला घातलेल्या. पायातल्या हवाई चपला तो हातात घालून हातांवर चालायचा. आमच्या व्हरांड्याच्या टोकाला काचेची एक एसटीडीची केबिन उभी राहिली होती. ती अपंगांच्या कोट्यातून त्याला मिळाली होती. वारंगा फाट्याच्या अलीकडं बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर त्याचं घर, म्हातारे आईवडील शेती करायचे. तो रोज ट्रकांच्या कडेकडेनं तीनचाकी हाकत यायचा.

"काढतो मी," तो म्हणाला. "मला ठाव नव्हतं तुमची जागा हाय ते."

"माझी कशी? पाटीवर माझं नाव आहे का? तुमची बी आहेच की."

"तुमी आधीच्या हाव."

दुसऱ्या दिवशी आले तर फरशी रिकामी. त्यानं तीनचाकी लांब बाभळीखाली चिखलात लावली होती आणि हातांवर चालत आवार ओलांडून आला होता. मला इतका राग आला की मी माझी स्कूटी गेटाजवळच लावली आणि कुबडी फसवत फसवत आत गेले. फरशी तशीच रिकामी. तिसऱ्या दिवशीही तेच. आम्ही दोघं एकमेकांसाठी जागा सोडत राहिलो आणि आठवडा संपायच्या आत गुत्तेदाराची बुलेट पुन्हा सावलीत येऊन थाटात उभी राहिली. मी भांडायला गेले तर गुत्तेदार म्हणाला, "मॅडम, रोज बघून राहिलो. कुणी लावतच न्हाई हितं, म्हणून लावली."  आमचे म्हातारे शिपाई तोंडात तंबाखू धरून म्हणाले, "तुमी दोघं बी येडे हाव का?"

मग आमचं भांडण सुरू झालं. दुनियेत लोक जागा मिळावी म्हणून भांडतात, आम्ही ती दुसऱ्यानं घ्यावी म्हणून भांडलो. माझं म्हणणं सरळ होतं. मला कुबडी आहे, माझे हात कोरडे राहतात. ज्याचे हात जमिनीला लागतात त्यानं फरशीवर उतरावं. त्याचं म्हणणं वेगळं होतं. "मॅडम, तुमी उभ्या चालता. चिखलात घसरल्या तर हाड मोडंल. मी पडून पडून पडणार किती?" असं म्हणून तो हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा, आणि तो राग नेहमीसारखा वरपर्यंत पोचायचा नाही, मध्येच कुठंतरी विरायचा.

एक दिवस सकाळी सडकून पाऊस होता. मी उशिरा आले. तो नुकताच बाभळीखालून आत आला होता. व्हरांड्यातल्या बादलीपाशी बसून हात धूत होता. कोपरापर्यंत काळा चिखल. साबण लावून एकेक बोट, नखांच्या कडा, सगळं घासत होता. फोन करायला आलेली एक बाई छत्री मिटून घाई करत उभी होती. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत होता आणि त्याला फोन लावायचा होता. "लाव की रे बाबा लवकर," ती म्हणाली. तो म्हणाला, "व्हय मावशी, हात धुवू द्या. रिसिव्हर तुमच्या कानाला लागतो." रोज सकाळी हा माणूस माझ्यासाठी फरशी मोकळी ठेवून चिखलातून येत होता आणि मग लोकांच्या कानाला घाण लागू नये म्हणून हात धूत होता, आणि हे मला कधी सांगितलंही नव्हतं. मी तिथंच उभी राहिले. मला रडू आलं. मला सहसा रडू येत नाही, मी ओरडते. त्या दिवशी ओरडता आलं नाही. तेव्हाच काय ते झालं असावं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आधी येऊन गेटावर त्याला अडवलं आणि सांगितलं, "आज तुम्ही तिथं लावली नाही तर मी स्कूटी विकीन." तेवढ्यात पाऊस आला. त्यानं घाबरून तीनचाकी फरशीवर घातली, पार भिंतीला चिकटवून. मीही भिजायला नको म्हणून मागोमाग स्कूटी दामटली. आणि बघतो तर काय, दोन्ही गाड्या मावल्या होत्या. त्याच्या मागच्या दोन चाकांच्या मधल्या जागेत माझं पुढचं चाक शिरलं होतं. इतके दिवस आम्ही ती जागा एकाच गाडीची समजून एकमेकांना दान करत होतो.

अडचण एवढीच होती की तो आत अडकायचा. माझी स्कूटी निघाल्याशिवाय त्याची तीनचाकी निघत नव्हती. पण तो सकाळी लवकर यायचा, मी नंतर. मी संध्याकाळी सुटायची आणि तो रात्री, फोनचे दर उतरल्यावरची गर्दी संपवून. त्यामुळं सगळं आपोआप जमून गेलं. असं काही वर्षं चाललं. सकाळी मी स्कूटी लावली की तो काचेआडून हात वर करायचा. दुपारी माझ्या डब्यातली भाजी त्याच्याकडं जायची आणि त्याच्या तांड्यावरची ज्वारीची भाकरी माझ्याकडं यायची. तो मला 'मॅडम'च म्हणायचा. मी त्याला काहीच म्हणायची नाही, नुसतं "अहो" म्हणायची, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटायचं.

एकदा मार्च अखेरीचं काम होतं. मी दिवेलागण होऊन गेली तरी फायलींत होते. बाहेर आले तर केबिनला कुलूप आणि तो तीनचाकीवर शांत बसलेला. त्या दिवशी तांड्यावर त्याच्या घरी काही कार्य होतं, म्हणून त्यानं चारलाच केबिन बंद केली होती. तेव्हापासून माझी स्कूटी निघायची वाट बघत बसला होता. कार्य तिकडं उरकलंही असेल.

"काहून सांगितलं न्हाई?" मी ओरडले. माझ्या तोंडून गावचीच भाषा आली. "एक हाक मारायची ना!"

"तुमचं काम चालू होतं, मॅडम."

"अन् तुमचं? तुमचं काहीच नसतं का?"

 त्याचा हा स्वभाव मला तेव्हा नीट दिसला आणि भीतीही वाटली. हा माणूस स्वतःसाठी कुणाला 'सरक' म्हणायचा नाही. मी आयुष्यभर लोकांना सरकवत आले होते, हा आयुष्यभर सरकत आला होता.

इकडं घरी माझ्या लग्नाची काळजी आईबाबांना पोखरत होती. आमच्या घराण्याकडं गावातल्या देवीची पूजा. बाबा रोज देवीपुढं उभे राहायचे तेव्हा काय मागायचे हे मला माहीत होतं. मी तिशी ओलांडली आणि एक स्थळ आलं. कनेरगाव नाक्यावर ढाबा असलेला एक विधुर, दोन लेकरं. आई हरखली. "हातीपायी धड हाय, अन् स्वतःहून विचारून राहिले," असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं. घरी बघायला येण्याआधी ते गृहस्थ 'सहज म्हणून' कचेरीतच आले.

मी पोचले तर फरशीवर, तीनचाकीच्या मागं, चकचकीत मोटारसायकल. मी सवयीनं विचारलं, "कुणाची?" ते पुढं आले, हसले. माणूस तसा वाईट नव्हता, हे मला आजही सांगायला हवं. म्हणाले, "माझीच हाय. तुमचीच जागा ना ही? मंग आपलीच झाली की."

मी त्यांना व्हरांड्यातच चहा पाजला. पाहुणे होते. चहा पिता पिता त्यांनी माझ्या पगाराचं विचारलं, बदलीचं विचारलं आणि मग जरा पुढं वाकून म्हणाले, "एसटीत तुमच्यासंगं जाणाऱ्यालाबी तिकिटात सवलत असते म्हणे?" मी म्हटलं, असते. ते म्हणाले, "बरंय की मंग." मला एकदम कळलं की हे माझ्याशी लग्न करून उरलेलं आयुष्य त्या राखीव बाकावर बसणार होते, आणि बसल्यावर साऱ्या जगाला सांगणार होते की ते माझ्यासाठी कसे उठले.

"तुमची गाडी काढा," मी म्हटलं.

"पुढं लावू का, सावलीत?"

"कनेरगावला लावा."

ते गेले. काचेआडून त्यानं सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "मॅडम, माणूस बरा होता. हातीपायी धड." मी रिसिव्हर उचलून त्याच्या डोक्यात घालायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

घरी आकाशपाताळ एक झालं. आई रडून झाल्यावर म्हणाली, "मंग तुझ्या मनात हाय तरी कोण?" मी सांगून टाकलं. तो तांड्यावरचा आणि आम्ही देवळातले, हे घरात उभं होतंच, पण आई त्यावर बोललीच नाही. तिला दुसरंच दिसत होतं. ती म्हणाली, "अगं, तू अशी अन् त्यो तसा. उद्या न्हाणीत पडलीस, रात्री ताप आला, तर कोण कोणाला उचलंल? आमी काय जलमभर पुरणार हाव?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं मला आयुष्यभर कडेवर वाहिलं होतं, शाळेत, दवाखान्यात, जत्रेत. ते ओझं कुणाच्या तरी हातात देऊनच तिला डोळे मिटायचे होते. मी पहिल्यांदा तिच्याशी भांडू शकले नाही. बाबा उठून देवळात गेले. पुढं कितीतरी दिवस घरात त्या विषयावर शब्द निघाला नाही. आणि गंमत अशी की ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याला मी अजून विचारलंही नव्हतं.

तोवर लोकांच्या खिशात मोबाइल आले. आधी गुत्तेदाराच्या, मग सगळ्यांच्या. पुण्याला मुलगा असलेली ती बाईही एक दिवस पदरात मोबाइल बांधून आली आणि केबिनवरून तशीच पुढं गेली. जाताना ओशाळून हसली. त्यानं झेरॉक्सचं मशीन घेऊन बघितलं, पण वीज राहायची नाही. शेवटी एके दुपारी त्यानं केबिनमधला फोन काढून पेटीत ठेवला. तांड्यावर किराणा टाकतो म्हणाला. सगळं आवरून उतारावरून खाली आला, तीनचाकीवर चढला आणि स्कूटी काढायला किल्ली घेऊन आलेल्या माझ्याकडं बघून म्हणाला, "आता जागा समदी तुमची, मॅडम."

ज्या जागेसाठी मी हवा सोडली, साहेबांच्या टेबलावर चिखल सांडला, ती आता अख्खी माझी होती. मला ती नको होती. मला रुंद मोकळी फरशी डोळ्यांपुढं दिसली. आजूबाजूला कोण आहे ते न बघता मी म्हटलं, "माझ्याशी लग्न कराल का?"

तो पांढरा पडला.  मग म्हणाला, "मॅडम, तुमाला धड माणूस मिळंल. आज न्हाई तर उद्या. मी कशाला मधी येऊ?"

"म्हणजे मी तुम्हाला नको?"

"तसं न्हाई." त्याचे डोळे भरले. "तसं कसं म्हणंन मी? पण तुमचा हक्क चांगल्या माणसावर हाय."

मग मात्र आग बराबर वर पोचली. "आजवर मला फरशी सोडत आलात. आता मलाच सोडून देताय, दुसऱ्या कुणासाठी? मी काय बाकावरची जागा हाय का, तुमी उठून द्यायला अन् त्यानं बसायला?"

 माझी स्कूटी त्याच्या तीनचाकीच्या मागं उभीच होती, नेहमीसारखी. मी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि वळून आत गेले. टेबलाशी जाऊन बसले. काम काही नव्हतं. समोरचा कागद उलटा होता हेही मला नंतर दिसलं. शिपाईकाका येऊन म्हणाले, "त्यो बसून हाय भाईर. गाडी काढून देता का?" मी म्हटलं, "त्याला बोलता येतं. बोलू द्या." मला ठाऊक होतं की तो बोलणार नाही. रात्र झाली तरी बसून राहील, आणि मग मलाच उठावं लागेल, आणि तो तांड्यावर निघून जाईल, आणि सगळं संपेल. मी टेबलावर डोकं टेकलं.

बाहेरून आवाज आला, "मॅडम!"

त्याचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सगळ्या कचेरीनं माना वर केल्या. मी व्हरांड्यात गेले.

"गाडी काढा," तो म्हणाला. "मला उशीर होऊन राहिला."

"कुठं जायला?"

"तुमच्या घरी. तुमच्या वडलांशी बोलायचं हाय."

गडबडीत स्कूटीची किल्ली आत जाईना. शिपाईकाकांनी येऊन लावून दिली. भर बाजारातून तो पुढं तीनचाकी हाकत निघाला आणि मी त्याच्या मागं स्कूटी अगदी हळू चालवत. सगळं बाळापूर बघत होतं. मी कुणावर ओरडले नाही.

आमचं घर देवळाच्या गल्लीत, उंच जोत्यावर. दगडी पायऱ्या चढूनच वर जायचं. बाबा दारात उभे होते, आई त्यांच्या मागं. त्यानं खालूनच हात जोडले.

"महाराज, मला वर येता येत न्हाई," तो म्हणाला. "म्हणजे येतं, पण हातावर यावं लागंल. आज मला तसं यायचं न्हाई. तुमी खाली याल का?"

बाबा तसेच उभे राहिले. देवीच्या पुजाऱ्याला कुणी 'खाली या' म्हणत नाही. गल्लीतल्या दारांत माणसं जमली होती. आई आत वळली. मला वाटलं, संपलं. पण ती सतरंजी घेऊन बाहेर आली, गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी उतरली आणि भर गल्लीत, तीनचाकीच्या पुढ्यात, तिनं ती अंथरली. आधी स्वतः बसली. मग बाबा उतरले आणि तिच्या शेजारी बसले. तो तीनचाकीवर उंच आणि माझे आईवडील खाली, त्याच्याकडं वर बघत.

आईनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाली, "माझं एकच म्हणणं हाय. तुमच्या दोघांत एकजण पडलं, तर उचलणार कोण?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, तिच्याकडंच पाहिलं. "उचलता येणार न्हाई, मावशी," तो म्हणाला. "खोटं काहून बोलू? पण दुसरं जण संगं खाली बसंल. कुणी येईस्तोवर बसून राहील. मला बसता येतं."

 आईनं पदरानं डोळे पुसले. बाबांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली आणि तिला म्हणाले, "चहा टाक."